मेडेलिनची घरं आणि आमच्या मंडळाची पावती

व्यसनमुक्तीच्या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रकरण अभ्यासाला देते: कोकेनचा सम्राट पाब्लो एस्कोबार यानं कोलंबियातल्या मेडेलिन शहरात गरिबांना बांधून दिलेली घरं. इंदूरच्या पोरांना कोलंबिया कशाला, असं कोणी ना कोणी विचारतंच. आमच्या वस्तीत जे झालं ते मला त्या घरांची हकीकत वाचल्यावर उलगडलं, म्हणून. आधी वस्तीतलं सांगते.

आमची वस्ती जुन्या इंदुरातली, निम्मी घरं मराठी. आजेसासऱ्यांच्या पिढीतले काही होळकर संस्थानच्या नोकरीत, बरेचसे गिरणीत. गणेश मंडळ लहान, वर्गणी 101 रुपयांपासून. त्या वर्षी मंडपवाल्यानं भाव चढवले होते आणि पावतीपुस्तक माझ्याकडे होतं. चतुर्थीला चार दिवस असताना एक गृहस्थ मोटारीतून उतरले. वस्तीत सगळे त्यांना भैया म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. आल्या आल्या माझ्या सासूबाईंच्या पाया पडले. मग पिशवीतून पाचशेच्या नोटांची रबर लावलेली गड्डी काढून टेबलावर ठेवली. 51,000 रुपये. मी पावती फाडायला घेतली तर म्हणाले, "वहिनी, नाव नको. एक भक्त, एवढंच लिहा." मी "एक भक्त" लिहिलं. तिसऱ्या दिवशी मंडपाच्या कमानीवर हात जोडलेल्या भैयांचा फ्लेक्स लागला होता, बाप्पाच्या मूर्तीहून उंच.

भैयांचा खरा धंदा कोणता, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की टँकर तेच पाठवायचे. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंचं डायलिसिस त्यांच्या पैशावर चालू होतं. तीन मुलींची शाळेची फी त्यांनी भरली होती, आणि त्यातल्या एकीचे वडील आमच्या मंडळाचे उपाध्यक्ष.

दिवाळीनंतर मागच्या गल्लीतली एक ताई माझ्याकडे आली. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेली पन्नी होती, चॉकलेटला असते तशी. पन्नीच्या खालच्या बाजूला काजळी धरलेली आणि वरच्या बाजूला तपकिरी रेघा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. मुलाच्या कपड्यांत सापडली, वय एकोणीस. स्मॅक, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, पन्नीवर ठेवतात, खालून काडी लावतात, ते वितळून वाहू लागतं आणि नोटेची नळी करून धूर ओढतात. त्या वाहण्याच्या रेघा मला ओळखायला वेळ लागला नाही. पुड्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून येत होत्या आणि ठेला कोणाच्या माणसाचा, हेही उघड होतं.

ताईनं तक्रार केली. पोलिसांनी ठेल्यावरच्या पोराला पकडलं आणि पंचनाम्यासाठी वस्तीतले दोन पंच मागितले. उपाध्यक्षांच्या घरी लग्न निघालं. काकूंच्या मुलानं हात जोडले, "आईचं डायलिसिस आहे हो." एक जण तर स्पष्ट म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागायला नको का?" शेवटी ताई माझ्या दारात उभी राहिली. पंच म्हणून मीही सही केली नाही. मला भैयांची भीती तितकीशी नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ती पावती आली, माझ्याच अक्षरातली. ज्या हातानं पैसे घेतले त्याच हातानं त्यांच्या माणसाविरुद्ध सही करायची, हे मला त्या दिवशी झेपलं नाही. पोरगा सुटला.

मेडेलिन

मेडेलिन हे आपल्या इंदूरसारखंच कापडगिरण्यांचं शहर. कोल्तेहेर आणि फाब्रिकातो या कापड कंपन्यांवर तिथली कितीतरी घरं चालली. 1970 च्या दशकात त्या धंद्याला ओहोटी लागली. खेड्यांतून शहरात येणारी माणसं मात्र येतच राहिली, आणि दरीच्या दोन्ही अंगांच्या उतारांवर झोपड्या चढत गेल्या. मोराविया नावाच्या भागात शहराचा कचरा टाकत, आणि त्या कचऱ्याच्या डोंगरावर माणसं राहत होती. तिथेच भंगार वेचायचं, तिथेच चूल मांडायची. नगरपालिकेचा माणूस तिथे क्वचितच फिरकायचा.

एस्कोबारचा जन्म 1949 चा, आई शाळेत शिक्षिका, वडील शेतकरी. तस्करीतून आणि चोरीच्या मालातून तो कोकेनकडे वळला. 1976 मध्ये कोकेनसह पकडला गेला आणि सुटलाही. 1982 च्या सुमारास 'झोपड्यांविना मेडेलिन' या नावानं त्यानं मोरावियातल्या लोकांसाठी घरांची योजना काढली. टेकडीवर चारशेहून अधिक घरं उभी राहिली आणि त्या वस्तीला लोक आजही त्याच्याच नावानं ओळखतात. गरीब वस्त्यांतल्या फुटबॉलच्या मैदानांवर त्यानं दिवे लावून दिले. कार्यक्रमांना पाद्री सोबत असत. एप्रिल 1983 मध्ये 'सेमाना' या साप्ताहिकानं त्याला आपल्या मुलुखाचा रॉबिन हूड म्हटलं. काही वर्षांनी, 1987 मध्ये, तो 'फोर्ब्स'च्या अब्जाधीशांच्या यादीत होता.

इथे मी वाचन थांबवून मुलांना विचारते, तुम्ही त्या कचऱ्यावर राहत असता तर घर नाकारलं असतं का? बहुतेक जण गप्प होतात. मीही नाकारलं नसतं. पावसात पोराला घेऊन कचऱ्यावर झोपणाऱ्या बाईला कोणी किल्ली देत असेल, तर तिनं आधी देणाऱ्याच्या चारित्र्याचा दाखला मागावा, ही अपेक्षाच क्रूर आहे. या प्रकरणात दोष वाटायला बसलं तर घर घेणाऱ्यांच्या वाट्याला काहीही येत नाही. तिथून पुढे मात्र नीट पाहावं लागतं.

घरांची योजना आणि निवडणूक एकाच वर्षातली आहेत. एस्कोबारला आधी लुईस कार्लोस गालान यांच्या 'नवा उदारमतवाद' या गटातून उभं राहायचं होतं. गालान यांनी मेडेलिनमधल्या सभेत त्याला जाहीरपणे दूर केलं. मग दुसऱ्या एका गटाच्या यादीवर, हाइरो ओर्तेगा या उमेदवाराचा पर्यायी सदस्य म्हणून, तो मार्च 1982 मध्ये संसदेवर निवडून आला. संसद सदस्याला अटकेपासून संरक्षण होतं. म्हणजे कचऱ्यावरच्या माणसांना छप्पर मिळालं आणि कोकेनच्या व्यापाऱ्यालाही त्याचं छप्पर मिळालं.

प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग घरांचा नाही, एका धनादेशाचा आहे. ऑगस्ट 1983 मध्ये गालान यांचेच सहकारी रोद्रिगो लारा बोनिया न्यायमंत्री झाले. राजकारणात शिरलेल्या अमली पैशाबद्दल ते उघड बोलू लागले. त्यावर ओर्तेगानं संसदेत उभं राहून एका धनादेशाची प्रत दाखवली: दहा लाख पेसो, एव्हारिस्तो पोरास या ज्ञात तस्कराकडून, लारा यांच्या नावे. सभागृहात एस्कोबार हजर होता. आता बोला, तुम्हीही आमचंच खाल्लं आहे, एवढाच त्याचा अर्थ. देणगी आधी पोचवलेली असते आणि लागेल तेव्हा ती बाहेर काढली जाते. माझ्या कपाटातल्या पावतीची आठवण मला इथेच झाली. पावतीवर नाव नसलं तरी कमानीवर फोटो होता.

लारा गप्प बसू शकले असते. कितीतरी माणसं अशा वेळी बसतात. त्यांनी उलट चौकशा वाढवल्या, तस्करांची विमानं जमिनीवर खिळवली. त्याच महिन्यात 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकानं 1976 च्या अटकेची बातमी जुन्या अंकातून काढून पुन्हा छापली, आणि परोपकारी पुढाऱ्याचा पडदा फाटला. एस्कोबारला संसद सोडावी लागली. मार्च 1984 मध्ये पोलिसांनी जंगलातला त्रान्किलान्दिया हा कोकेनचा कारखाना उद्ध्वस्त केला, सुमारे 14 टन माल पकडला. 30 एप्रिल 1984 च्या संध्याकाळी राजधानी बोगोटात मोटारसायकलवरच्या मारेकऱ्यांनी लारा यांना गोळ्या घातल्या.

पुढचं झरझर सांगते, कारण ते पुष्कळांना माहीत असतं. लारा यांच्या खुनाच्या खटल्यात एस्कोबारवर आरोप ठेवणारे न्यायाधीश 1985 मध्ये मारले गेले. 'एल एस्पेक्तादोर'चे संपादक गिय्येर्मो कानो 17 डिसेंबर 1986 ला कचेरीतून निघताना मारले गेले. गालान, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना, 18 ऑगस्ट 1989 ला सोआचा इथल्या सभेत. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला आवियांका कंपनीचं प्रवासी विमान बॉम्बनं हवेतच उडवून दिलं, आतले 107 आणि जमिनीवरचे तिघे गेले. "चांदी की शिसं" हे तिथल्या सगळ्या पोलिसांना, न्यायाधीशांना कळणारे शब्द होते. पैसा घे, नाहीतर गोळी.

मेडेलिनमध्ये पोलिसाच्या जिवावर इनाम लावलं गेलं आणि 1990 च्या सुमारास शेकडो पोलीस मारले गेले. मारणारी पोरं कुठली? त्याच डोंगरउतारांवरच्या वस्त्यांतली, सोळा-सतरा वर्षांची, मोटारसायकलवरून येणारी. 1991 या एका वर्षात मेडेलिनमध्ये सहा हजारांहून अधिक खून झाले. मरणारे बहुतांशी गरीब तरुण मुलगे होते. ज्यांच्या मैदानावर दिवे लागले, त्या पिढीतली किती मुलं त्या उजेडात पुढे खेळली, हा प्रश्न मी दर वेळी मोठ्यानं वाचते.

जून 1991 मध्ये एस्कोबार शरण आला तो स्वतःच्या अटींवर. ज्या दिवशी घटना समितीनं नागरिकांना परदेशी सोपवण्यावर बंदी घातली, त्याच दिवशी. त्याला ठेवलेल्या 'ला कातेद्राल' या तुरुंगात फुटबॉलचं मैदान होतं, बार होता. तिथूनही धंदा आणि खून चालूच राहिले. जुलै 1992 मध्ये दुसऱ्या तुरुंगात हलवायची वेळ आली तेव्हा तो निघून गेला. 2 डिसेंबर 1993 ला मेडेलिनमधल्या एका घराच्या छपरावर मारला गेला. अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली, शवपेटीला हात लावायला धडपडली. त्यांतले अनेक जण त्या टेकडीवरच्या घरांतले होते. मला त्या रडण्यात खोटं काही दिसत नाही.

तो खरंच दयाळू होता का?

चर्चेत हा प्रश्न हमखास येतो आणि त्यातच तासाभराचा वेळ जातो. मला तो निरुपयोगी वाटतो. असेलही त्याला दया. लहानपणी गरिबी पाहिलेल्या माणसाला गरिबाची कळ येणं अशक्य नाही. प्रश्न त्याच्या मनाचा नाहीच, घेणाऱ्याच्या तोंडाचा आहे. नगरपालिकेनं दिलेल्या घराचं छप्पर गळलं तर मी नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकते, अर्ज करू शकते, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडू शकते. एस्कोबारनं दिलेल्या घराचं छप्पर गळलं तर कोणाकडे जाणार? आणि त्याच्याच माणसानं शेजारच्या पोराला मारलं तर कोणासमोर साक्ष देणार?

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: मिंधेपण. मिंधा माणूस लाचखोर नसतो. त्यानं काही वाईट केलेलं नसतं, उलट त्याला गरज होती आणि कोणीतरी ती भागवली. पण त्यानंतर त्याची जीभ जड होते. पोलीस-न्यायाधीश विकत घ्यायला पैसा लागतो आणि तो दर वेळी नव्यानं मोजावा लागतो. वस्ती मिंधी करायला त्याहून कितीतरी कमी लागतो आणि तो एकदाच लागतो. म्हणून दानधर्म एका पारड्यात आणि भ्रष्टाचार दुसऱ्या पारड्यात घालून तोलणं मला पटत नाही. ते एकाच कामाचे दोन भाग होते. साक्षीदार आधी गप्प केले की अधिकारी विकत घेणं स्वस्त पडतं.

मंडप कोण घालत होतं?

मेडेलिनचं वाचून झाल्यावर मी आमच्या मंडळाच्या जुन्या वह्या काढल्या. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, गिरण्यांच्या जिवावर निघत. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार. गिरणी कामगार आपल्या पगारातून वाटा देत आणि मालकही पैसे घालत. आमच्या वहीतही 1980 च्या दशकात दर वर्षी गिरणीतल्या खात्याखात्यांची वर्गणी दिसते, दोन दोन रुपयांची, नावासकट. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांना थकलेले पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं. मधल्या बत्तीस वर्षांत वहीतली ती लांब यादी आखूड होत गेली आणि मोठे आकडे वाढत गेले: बिल्डर, नगरसेवक, आणि शेवटी "एक भक्त, 51,000".

भैया आकाशातून पडले नाहीत, गिरणीनं रिकामी केलेल्या जागेत ते आले. टँकर पाठवायला हवा होता महापालिकेनं. डायलिसिसची रांग सरकारी दवाखान्यात छोटी हवी होती. त्या दोन गोष्टी झाल्या असत्या तर काकूंच्या मुलाला त्या दिवशी हात जोडावे लागले नसते.

मालही लांबून येत नाही. मंदसौर, नीमच, रतलाम या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत अफूची परवान्यानं शेती होते. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरला आहे. शेतकऱ्यानं सगळी अफू सरकारला द्यायची असते. ज्या अफूचा हिशेब लागत नाही, तिचं स्मॅक होतं. मुलांना हे सांगते ते एवढ्यासाठी, की कोलंबियाचं नाव घेतलं की त्यांना गोष्ट सिनेमाइतकी दूरची वाटू लागते.

मग काय केलं

ताईच्या मुलाला घेऊन मी आधी उपचारकेंद्रात गेले. ताईला भीती होती की केंद्रात नाव घातलं की पोलीस मुलालाच उचलतील. तिच्यासारख्या कितीतरी आया याच भीतीनं महिनोन्महिने पन्नी लपवतात, म्हणून इथे थांबून सांगते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या 64ए कलमात, सेवन करणारा किंवा अगदी थोडा माल जवळ असलेला व्यसनी स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घ्यायला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. हेरॉइनच्या बाबतीत "थोडा" म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत, आणि 250 ग्रॅमच्या वर गेलं की तो व्यापारी साठा, शिक्षा किमान दहा वर्षं. त्याच कायद्याचं 68 वं कलम सांगतं की माहिती कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. आता 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 1933 हा अमली पदार्थांची माहिती द्यायचा सरकारी दूरध्वनी आहे. आमच्या वस्तीत तेव्हा यातलं कोणालाच माहीत नव्हतं. मला 64ए माहीत होतं, 68 नव्हतं, आणि हे मी माझ्या नव्या सहकाऱ्यांपासून लपवत नाही.

मुलगा दोनदा केंद्रातून पळाला. तिसऱ्यांदा टिकला.

मंडळात मात्र मोठी भांडणं झाली. मी म्हटलं, 51,000 परत करू. उपाध्यक्ष म्हणाले, बाप्पाला वाहिलेलं परत कसं घेता? एक तरुण मुलगा म्हणाला, काकू, पैसा पैसा असतो, तो चांगल्या कामाला लागला ना. त्याला मी उत्तर दिलं नाही. ते दिलं एका आजोबांनी, जे हुकुमचंद मिलच्या कताई खात्यात तीस वर्षं होते. ते म्हणाले, "आमचे दोन रुपये असायचे, पण मंडळात उभं राहून अध्यक्षाला शिव्या द्यायची टाप होती. तुम्ही भैयाला नुसतं अरे म्हणून दाखवा." वाद तिथेच संपला. पैसे परत करायचा ठराव दोन मतांच्या फरकानं मंजूर झाला, आणि पुढल्या वर्षापासून 501 च्या वर देणगी नावाशिवाय किंवा फ्लेक्सच्या बदल्यात घ्यायची नाही, हा दुसरा ठराव एकमतानं.

51,000 जमवायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या मधल्या चतुर्थीला मंडप निम्मा होता, महाप्रसादाला फक्त मसालेभात. आजोबांनी दिलेल्या 251 च्या पावतीवर मी त्यांचं पूर्ण नाव आणि खातं लिहिलं, जुन्या वहीसारखं. टँकर बंद झाले, आणि पाण्यासाठी वस्तीतल्या बायका महापालिकेच्या झोन कार्यालयावर गेल्या. पहिल्यांदा कोणी दाद दिली नाही, चौथ्या खेपेला पाइपलाइनचं काम मंजूर झालं. काकूंच्या डायलिसिसचे पैसे आजही भैयाच देतात, आणि त्या घराशी कोणीही तोंड वाकडं करून बोलायचं नाही, असं मी मंडळात बजावून ठेवलं आहे.

पैसे घेऊन आम्ही चौघं भैयांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, सासूबाईंची तब्येत विचारली आणि लिफाफ्याला हात लावला नाही. "वहिनी, दिलेलं मी परत घेत नसतो." लिफाफा आम्ही परत आणला आणि बँकेत वेगळ्या खात्यात ठेवला. गेली तीन वर्षं आमच्या ताळेबंदात, देण्यांच्या बाजूला, ती ओळ आहे: "परत करावयाची रक्कम, रु. 51,000." वार्षिक सभेत ती ओळ मी मोठ्यानं वाचते. यंदा ती वाचली तेव्हा मागच्या गल्लीतली ताई पहिल्या रांगेत बसली होती, आणि पुढच्या पंचनाम्याला पंच म्हणून माझं नाव द्या, असं मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं.